मशीनचे ‘सहा आठवडे’ नेमके कधीपासून मोजायचे?



हळद पावडरीचं पाऊच पॅकिंग मशीन आम्ही गटात बसवल्यापासून बरेच फोन येतात. पहिला प्रश्न किमतीचा. दुसरा, ऑर्डर कधी द्यायची? मी सांगतो, ठरवायला बेणं लावतानाच बसा. लोक हसतात. पण हिशोब बघा.

आपल्या सांगली भागात हळद अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागते. नऊ महिन्यांनी काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. वाळलेली हळद हातात यायला मार्च उजाडतो. म्हणजे १ एप्रिलला मशीनमधून विकण्याजोगं पाऊच पडलं पाहिजे. नुसतं मशीन दारात येऊन भागत नाही. इथून उलटं मोजत यायचं.

बसवणं, पोरांना शिकवणं, वजन जुळवणं याला ३ आठवडे. गाडी, क्रेन, उतरवणं याला १ आठवडा. कारखान्यात ट्रायल आणि दुरुस्तीला १ आठवडा. बनवायला कारखानदार ६ आठवडे सांगतो, आपण ९ धरायचे. झाले १४ आठवडे. १ एप्रिलपासून मागं गेलं की २४ डिसेंबर येतो. त्या दिवशी ॲडव्हान्स त्याच्या खात्यात पाहिजे.

आता ते ‘सहा आठवडे’. आमच्या कोटेशनवर बारीक अक्षरात होतं, ‘ॲडव्हान्स जमा आणि पाऊचचा नमुना मंजूर झाल्यापासून’. म्हणजे तोंडी ऑर्डर दिली त्या दिवसापासून नाही. पैसे भरले पण पाऊचचं माप ठरलं नाही, तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. मशीनवर ज्या कॉलरवरून फिल्म वळून पिशवी होते, ती कॉलर पाऊचच्या रुंदीप्रमाणे बनते. १०० ग्रॅम की २०० ग्रॅम हे गटात आधी ठरवा. नंतर माप बदललं की दुसरी कॉलर, दुसरा खर्च, दुसरी वाट.

छापील रोलचंही तसंच. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर बनतो. त्याआधी डिझाइन, आणि डिझाइनवर अन्न परवान्याचा नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, पत्ता, तक्रारीचा फोन नंबर लागतो. परवाना नसेल तर छपाई अडते. रोल नसेल तर लाखाचं मशीन झाकून ठेवायचं.

तिसरी गोष्ट वीज. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीपाळीनं येते, रात्रीची पाळी असली तर पॅकिंगला बाया येणार का? आणि धंद्याला शेतपंपाचं कनेक्शन चालत नाही. महावितरणकडं वेगळा अर्ज मशीनच्या ऑर्डरच्या आधी टाका. खांब लागणार असेल तर आणखी वेळ धरा.

चौथं, बँक. आम्ही सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून गेलो. त्यात ३५ टक्के अनुदान होतं, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं. कर्ज मंजूर व्हायच्या आत ॲडव्हान्स देऊन मोकळं होऊ नका, आधी बँकेत आणि कृषी खात्यात विचारा. कोटेशन, प्रकल्प अहवाल, सातबारा, गटाचा ठराव यात तीन महिने जातात असं धरून चाला. म्हणून आमचं सूत्र असं: लागवडीला ठरवायचं, गणपतीच्या आत कोटेशन, दिवाळीनंतर मंजुरी, डिसेंबरात ॲडव्हान्स. दिवाळीत कारखान्याचे कामगार गावी जातात, ते दिवसही मोजायचे.

एवढं काटेकोर का? गटाची बैठक देवळात झाली, तेव्हा एक आक्का म्हणाल्या, “दादा, मशीन यीस्तवर माझी हळद थांबंल. सोसायटीचं कर्ज थांबंल का?” त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. अकरा घरांची वर्षाची कमाई पोत्यात होती. तिथंच ठरलं, निम्मी हळद सांगली यार्डात सौद्याला काढायची, निम्मीच पावडरीला ठेवायची. मशीन कितीही उशिरा आलं तरी कुणाचं कर्ज थकणार नाही, एवढी सोय आधी. शिवाय वजनकाटा, बँड सीलर आणि स्टिकर लावलेली तयार पाऊच घेऊन ठेवली. मशीन नसलं तरी थोडा माल हातानं भरता येतो, दुकानदार तुटत नाही.

आम्ही २० डिसेंबरला ॲडव्हान्स दिला. पैसे ३० टक्के आधी, ६० टक्के कारखान्यातल्या ट्रायलनंतर आणि १० टक्के आमच्याकडं मशीन चालल्यावर, असं लिहून घेतलं. उशिराबद्दल दंड लिहून मागितला, तो त्यांनी मानला नाही. पण शेवटचे १० टक्के हातात असले की फोन उचलला जातो.

सहाव्या आठवड्यात कळलं, बाहेरून यायचा एक सेन्सर आला नाही. मशीन तयार झालं नवव्या आठवड्यात. ट्रायलला आम्ही आमचीच २० किलो पावडर घेऊन गेलो. हळदीची पावडर उडते, सीलच्या जागी बसते आणि पिशवीचं तोंड नीट चिकटत नाही. तिथंही तेच झालं. पावडर भरणारा स्क्रू आणि सीलची वेळ त्यांनी पुन्हा जुळवली, त्यात आठवडा गेला. गावात येऊन हे कळलं असतं तर मेकॅनिकची वाट बघण्यात सीझन गेला असता. मशीन ८ मार्चला आलं, २७ मार्चला नीट चालू झालं. राखून ठेवलेल्या तीन आठवड्यांतला एकही शिल्लक राहिला नाही.

नुसते सहा आठवडे धरून फेब्रुवारीच्या मध्यात ॲडव्हान्स दिला असता, तर पहिलं पाऊच पडायला मे संपत आला असता. पुढं मृगाची दमट हवा, आणि पावडर ओल धरते ती वेगळीच.

कारखानदार वाईट असतो असं नाही. त्याला त्याच्या कारखान्यातले दिवस दिसतात. आपलं पीक, आपलं कर्ज आणि आपला पाऊस आपणच मोजायचा. यंदा कुणाचा विचार असेल तर एक कागद घ्या, खाली १ एप्रिल लिहा आणि वर वर मोजत जा. वरची तारीख आजच्या आधीची निघाली तर यंदा बँड सीलरवर भागवा आणि मशीन पुढच्या हळदीला घ्या.