पाणीदार

एखादा मुलगा हुशार आणि मानी निघाला, की आपण त्याला ‘पाणीदार’ म्हणतो. हा शब्द आपल्या भाषेला लोहाराच्या भट्टीनेच दिला असावा, असे मला नेहमी वाटते. लाल झालेले पोलाद हळूहळू निवू दिले, तर ते मऊ राहते. तेच एकदम पाण्यात बुडविले, तर कठीण होते. द्रव्य तेच, उष्णता तीच. फरक काय तो निवण्याच्या वेगाचा. पोलादातील कर्बाला आपल्या जागी जाऊन बसण्यास अवसर मिळत नाही. तो असेल तेथेच अडकतो, आणि त्या अडकण्यातून निराळीच घडण जन्मास येते.

निसर्गानेही असला प्रयोग आमच्या वऱ्हाडात करून ठेवला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. ते अशनिपाताने झाले, हे तेथील खडकांच्या परीक्षणावरून १९७३ साली दृढ झाले. ज्या काळ्या पाषाणाचे आमचे वाडे आणि पार, त्याच पाषाणाचा काही भाग त्या आघाताने क्षणार्धात वितळला आणि झपाट्याने गोठून काच झाला. १९६० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सोने आणि सिलिकन यांचा तप्त रस असाच झटक्यात थिजवून धातूची काच केली. हल्ली तर लेसरच्या किरणाने धातूची पूड थरावर थर वितळवून यंत्रांचे भाग ‘छापतात’. तो ठिपक्याएवढा रस सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातील वेगाने निवू शकतो, आणि ओतकामात सहसा न मिळणारी बारीक घडण त्यात सापडते.

हे शिकविताना मला एक विद्यार्थी आठवतो. अकोल्याकडच्या खेड्यातला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी त्याच्या घरची कपाशी गेली, आणि पाठोपाठ वडीलही गेले. तेरावे आटोपून आठव्या दिवशी तो परीक्षेस बसला आणि कॉलेजात पहिला आला. ‘पोरगा पाणीदार!’ असे जो तो म्हणाला. पुढे त्याला पुण्यास चांगली नोकरी लागली. परवा त्याची आई अमरावतीस आली होती. पदराने तोंड पुसत म्हणाली, ‘‘सर, पैसे तर दर महिन्याले पाठवते तो. पन बोलतच नाही.’’

लोहाराचे अर्धेच काम आपण ध्यानात ठेवले आहे. नुसते पाणी दिलेले पोलाद जितके कठीण, तितकेच ठिसूळ. दगडावर आपटले तर त्याचा तुकडा पडायचा. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा मंद आचेवर धरतो आणि पात्यावर गवती पिवळा, मग जांभळा रंग चढेपर्यंत सबुरीने वाट पाहतो. छापलेल्या भागांतही असाच ताण कोंडलेला असतो. तो उतरविण्यासाठी त्यांनाही पुष्कळदा भट्टीत फिरून तापवावे लागते.

संकटाने माणूस घडतो, असे आपण फार सहज बोलून जातो. संकट पाणी तेवढे देते. मंद आच भोवतालच्या माणसांनी द्यायची असते, आणि तिला वेळ लागतो. त्या मुलाला मी दिवाळीत आठ दिवस आमच्याकडे राहावयास बोलाविले आहे. पगाराविषयी त्याला कोणी काही विचारू नये, असे घरी सांगून ठेवले आहे.