वाघोलीचं पाणी

२ फेब्रुवारी २०२५
आई राहायला आली. पुण्याच्या पेठेतला वाडा पाडायला दिलाय, नवी इमारत होईपर्यंत इथेच. दोन ट्रंका, पोळपाट, तांब्याचा हंडा. आल्या आल्या हंडा घासून नळाखाली धरला.

५ फेब्रुवारी
जिथे तिथे पाण्याचंच बोलणं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी, तिकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ. लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, आपलं पाणी एवढं जड, आपल्याला तर काही होणार नाही ना? तिला सांगितलं, तो दूषित पाण्याचा, जंतूंचा प्रश्न. जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. दोन्ही वेगळं. संध्याकाळी दाराच्या कडीत फिल्टरवाल्याचं पत्रक. त्यात दोन्ही भीती एकाच वाक्यात.

९ फेब्रुवारी
हंड्याला आतून पांढरी कड. आईनं चिंच लावून घासला.

११ फेब्रुवारी
कड परत आली.

१३ फेब्रुवारी
तुरीची डाळ शिजेना. शिट्ट्यांवर शिट्ट्या, दाणा अख्खा आणि वर पिवळं पाणी. आई म्हणाली, डाळ जुनी असेल. वाण्याकडून नवी आणली. तीही तशीच.

२२ फेब्रुवारी
रात्री ओटा पुसताना आईनं विचारलं, "अगं, माझंच काही चुकतंय का?" लग्नापासून चूल सांभाळलेली बाई. पोटात तुटलं.
तिला समजावलं. डाळीच्या पेशी पेक्टिननं चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन सुटतं. पाण्यातला कॅल्शियम ते आणखी घट्ट धरून ठेवतो, दाणा फुटत नाही. तिनं सगळं ऐकलं. सोडा घालायला मात्र तयार नाही. चव जाते म्हणते. खरं आहे, बी-१ जीवनसत्त्वही जातं.

२८ फेब्रुवारी
गिझरवाला आला. कॉइल बाहेर काढली तर ओळखू येईना. करड्या-पांढऱ्या थराखाली धातू दिसतच नव्हता. स्क्रूड्रायव्हरनं ठोकला तसे कपच्याच्या कपच्या मोरीत पडल्या. एक कपची बशीत घेऊन वर लिंबू पिळलं. फसफसली. चुनखडीच. पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट तापलं की कार्बोनेट होऊन कॉइलवर बसतं. मग उष्णता आधी त्या थरातून जाणार, पाणी उशिरा तापणार, मीटर पळत राहणार. "या भागात वर्षाला एक कॉइल धरून चाला," तो म्हणाला. जुनी पिशवीत घालून घेऊन गेला.

६ मार्च
प्रॅक्टिकल संपल्यावर लॅबमध्ये थांबले. दोन बाटल्या आणल्या होत्या. एक आमच्या नळाची, म्हणजे बोअरची. दुसरी पेठेतल्या मामेबहिणीकडची. पन्नास मिलिलिटर पाणी, बफर, दर्शकाची चिमूट. पाणी लालसर जांभळं झालं. वरून ब्युरेटमधलं ईडीटीए थेंब थेंब. पेठेतलं पाणी तीन मिलिलिटरला निळं. आमचं दहाला लाल, वीसला लाल. तिसाच्या पुढे रंग मळला आणि बत्तीसला, एका थेंबात, निळं झालं.
जडपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम. पेठेत ६०. आयएस १०५०० हे मानक म्हणतं, २०० पर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं.
मागे एक विद्यार्थिनी उभी होती. "मॅडम, उद्या आमच्या घरचं आणू?"

७ मार्च
पाच जणी बाटल्या घेऊन आल्या.

१० मार्च
होळी तोंडावर. आई पुरणाचं नावच काढत नाही. विचारलं तर, "यंदा शिरा करू."

१३ मार्च
हरभऱ्याची डाळ काल रात्री आरओच्या पाण्यात भिजवली, सकाळी त्याच पाण्यात शिजवली. आईनं झाकण काढलं, दाणा बोटांत धरला. लोणी. मग पदर खोचून पुरणयंत्र मागितलं. पोळ्या भरपूर झाल्या. शेजारी, वॉचमन, सगळ्यांना गेल्या.
पातेलंभर शुद्ध पाण्यासाठी आरओनं त्याहून जास्त पाणी नळीतून बाहेर टाकलं. ते बादलीत धरलं, फरशी पुसली. वाळल्यावर फरशीभर पांढरे ओघळ. सगळा क्षार त्यातच उतरलेला.

१९ मार्च
कामाच्या मावशींच्या बोटांना चिरा. भांडी, धुणं, पुन्हा भांडी. साबणातली चरबी कॅल्शियमला धरते आणि फेसाऐवजी चिकट साका बसतो, मग पावडर जास्त लागते, हात आणखी सोलतात. खोबरेल दिलं. जाताना म्हणाल्या, "ताई, आमच्या खोलीचं पण बघा की."
त्यांची खोली खाणीमागे, पत्र्याची. आरओ नाही, गिझर नाही. प्यायला वीस लिटरचा जार विकत.

२० मार्च
मावशींचं पाणी: ७८०.

२३ मार्च
आईनं रिठे भिजत घातले. मावशींना म्हणाली, डोक्याला साबण लावूच नका. रिठ्याचा फेस या पाण्यातही टिकतो, क्षाराशी त्याचा साका होत नाही. मावशींचे केस धुऊन झाले, दोघी बाल्कनीत वाळवत बसल्या.

२४ मार्च
सोसायटीची मीटिंग. विषय: सॉफ्टनर. सगळ्यांना हवा. तो काय करतो हे कुणी विचारेना, म्हणून मी बोलले. रेझिन कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. भरलं की मिठाच्या पाण्यानं धुवायचं. ते खारं पाणी गटारात, पुढे नदीत. झाडांना घालता येत नाही. नळ, गिझर, वॉशिंग मशीन वाचेल, हे खरं. पण ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी पिऊ नये. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या डोळ्यांपुढे होत्या.
एक काका म्हणाले, या पाण्यानं मुतखडे होतात. होतात असं ठामपणे दाखवता आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. खड्याच्या रुग्णाला डॉक्टर पाणी भरपूर प्या असंच सांगतात. चवीला नको म्हणून लोक पाणीच कमी पितात, मला काळजी त्याची वाटते.
ठराव पुढच्या मीटिंगवर.

३० मार्च
पाडवा. गुढीवरचा तांब्या लखलखीत.

८ एप्रिल
बोअर बसली. आता सगळं टँकरवर. सकाळी सहाला पाइपाचा आवाज. ड्रायव्हरला विचारलं, पाणी कुठलं? "विहिरीचं." कुठली विहीर? हसला, पावती दिली. पावतीवर गाडीचा नंबर आणि रक्कम.

९ एप्रिल
टँकर: ४८०.

११ एप्रिल
टँकर: ७००. गाडी तीच.

१७ एप्रिल
विद्यार्थिनींना घेऊन खाणीकडे गेले. कापलेल्या काळ्या कड्यात पांढऱ्या शिरा, पोकळ्यांत स्फटिक. याच वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या फटींतून मुरतं, वर्षानुवर्षं खडकाला लागून राहतं, खडकातला कॅल्शियम विरघळवतं. खडकवासल्याचं पाणी तसं नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर, सगळं घाटावरचं पावसाचं पाणी, वाहत येऊन धरणात साठलेलं. खडकाशी त्याची फार गाठच पडत नाही. म्हणून पेठेत ६०.
परत येताना एकीनं विचारलं, धरण तर एकच शहराचं, मग पाणी दोन का? वाघोली शहराच्या हद्दीत आली ३० जून २०२१ ला. यापलीकडे मला उत्तर देता आलं नाही.

२ मे
पाण्याच्या कार्यालयात गेले. मुलींनी तयार केलेला तक्ता जोडला, वस्तीवार. अर्ज घेतला, शिक्का दिला.

१४ मे
आई आता डाळीसाठी आरओच्या पाण्याचं वेगळं पातेलं भरून ठेवते. मावशी जाताना त्यातली एक बाटली नेतात. तिनंच सुरू केलं.

२१ मे
वळवाचा जोरदार पाऊस. गच्चीवर पातेलं ठेवलं.

२२ मे
पावसाचं पाणी: २०. गच्चीचे पाइप थेट गटाराला जोडलेले आहेत.

२७ मे
मीटिंग. सॉफ्टनर सध्या नाही. गच्चीचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायचं ठरलं, प्लंबर रविवारी येतोय. मावशींच्या वस्तीतल्या बोअरसाठीही वर्गणी काढायची, हे मी मांडलं. तिघांनी लगेच हात वर केला. बाकीच्यांकडे घरोघर जाणार.
जिन्यातल्या फळ्यावर मीच लिहून लावलं:
टँकर घेताना पावती मागा. पाणी कुठल्या विहिरीचं आणि लिटरला किती मिलिग्रॅम जड, हे पावतीवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर बाटली भरून माझ्याकडे आणा, तपासून देते. पैसे नाहीत. कामाला येणाऱ्या बायकांनाही सांगा.