आबांची टाच

फर्दापूर फाट्यावरून सुटणारी बस अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी सोडते. पुढच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत, त्यांना डोलीवाले वर नेतात. आबांनी उभं आयुष्य डोली वाहिली. शुगर निघाली तरी डोली सुटली नाही. टाचेत खिळा घुसला तेव्हा त्यांना कळलंसुद्धा नाही. पायाची जाणीव शुगरनं आधीच घालवली होती. फरशीवरचं रक्त आईला दिसलं.

हळद झाली, मलमं झाली, जखम भरेना. कडा जाड आणि पांढऱ्या, मधला खड्डा तसाच.

शहरातल्या डॉक्टर मॅडमनी आधी पायातला रक्तपुरवठा तपासला, हाडापर्यंत जंतू गेले नाहीत याची खात्री केली, मेलेली कातडी काढली. मग आबांच्याच हातातून रक्त घेतलं. नळी यंत्रात गरगर फिरून आली ती थर पडून: खाली लाल, वर पिवळसर, मधे पांढुरका पातळ पापुद्रा.

“माझंच रक्त मलाच लावून काय व्हायचं, मॅडम?” आबांनी विचारलं.

“काका, प्लेटलेट नुसतं रक्त गोठवत नाहीत. त्यांच्यात जखम भरणारी प्रथिनं साठवलेली असतात.”

मग त्यांनी नीट समजावलं. पीडीजीएफ दुरुस्तीच्या पेशींना जखमेकडे बोलावतं, व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, टीजीएफ-बीटा कोलॅजेन तयार करवून घेतं. रक्तात एरवीही प्लेटलेट असतातच, मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख. यंत्रातून वेगळ्या काढलेल्या द्रवात, म्हणजे पीआरपीत (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा), त्या कितीतरी पटींनी दाट होतात. कॅल्शियम मिसळल्यावर त्या द्रवाची जेली झाली, ती खड्ड्यात भरून वर पट्टी बांधली.

पण खरी कसोटी पुढेच होती. टाचेवर भार द्यायचा नाही! डोलीवाल्याला हे सांगणं म्हणजे घरची चूल थंड ठेवायला सांगणं. भाऊ डोलीला जाऊ लागला म्हणून आबा घरी बसले, गोळ्या वेळेवर गेल्या, शुगर उतरली. पट्टी बदलताना खड्ड्याच्या तळाशी लालबुंद दाणेदार मांस दिसू लागलं. पुढे कडा आत सरकत गेल्या आणि जखम मिटली. यातलं किती श्रेय जेलीचं आणि किती विश्रांतीचं, हे वेगळं काढता येणार नाही. विश्रांतीवाचून जेली वाया गेली असती, असं मला ठामपणे वाटतं.

आता आबांचे डोलीतले जोडीदार गुडघ्यासाठी पीआरपीचं इंजेक्शन विचारतात. त्यांना मी ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या चाचणीचं सांगतो: गुडघेदुखीच्या २८८ रुग्णांपैकी काहींना पीआरपी दिलं, काहींना नुसतं सलाइन, वर्षभरानंतर दुखण्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. पैसे मोडण्याआधी गुडघा हाडांच्या डॉक्टरला दाखवा, म्हणतो.