सध्या काय वाचता?

रक्तदाब मोजून झाला की ज्येष्ठ रुग्णांना मी हा प्रश्न आवर्जून विचारतो. धुळ्यातील एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘गीता प्रवचने’. स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीला ते मोठ्याने वाचून दाखवतात. हेच पुस्तक का? १९३२ मध्ये आपल्याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक, अशी ही १८ प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली. मुळात बोललेली भाषा, म्हणून ती कानाला सोपी, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र तो ठरलेला वार अधिक मोलाचा वाटतो. बाईंना अर्थ किती उमगतो, कोण जाणे; गेलेली स्मृती औषधाने परतणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले आहे. तरी रविवारी चहा झाला की त्या स्वतःच चष्मा उचलून यजमानांच्या हाती देतात. सध्या बारावा अध्याय चालू आहे, दुसऱ्यांदा.