लाल ठिपका

अप्पा दिवसातून तीनदा इन्सुलिन घ्यायचे. पेनाला लावायची सुई जेमतेम चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक. काम झालं की ते ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकत. वर्षाला हजारावर सुया. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कागदात गुंडाळतात म्हणजे काळजी घेतात, असंच वाटायचं.

२०१९च्या पावसाळ्यात एके सकाळी कचरा नेणाऱ्या ताईंनी दोनदा बेल वाजवली. हातमोजा काढून तळहात पुढे धरला होता. अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा एक थेंब. "ताई, ही सुई तुमच्याकडचीच ना?" रागावल्या नव्हत्या. नुसतं विचारलं.

पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या या बायका 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. घरटी मिळणारे पैसे आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार यांवर त्यांचं घर चालतं. त्यामुळे प्रत्येक पिशवी उघडून हातांनी निवडावी लागते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. आम्ही ते पाळतही होतो. सुईवर मात्र ठिपका नव्हता.

साबणाने हात धुऊन आम्ही रिक्षाने रुग्णालयात गेलो. त्यांच्या मनात यायचं नव्हतं, खाडा पडेल म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "सुई कोणाची, माहीत आहे?" माहीत होतं, हे आमचं नशीब. अप्पांचं रक्त लगेच तपासता येणार होतं. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही जाऊ शकतात. एचआयव्हीचा धोका सुमारे तीनशेत एक. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी जास्त. बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. एचआयव्हीची शंका असेल तर ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं. हे सगळं ऐकताना ताई माझ्याकडे बघत होत्या आणि मला वर बघवत नव्हतं.

अप्पांचे अहवाल निर्दोष आले. ताईंना धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिसच्या लशीचा पहिला डोस मिळाला. परतताना त्या सहज म्हणाल्या, "यंदाची ही तिसरी सुई." आधीच्या दोन कोणाच्या, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं.

त्या रात्री मी घर उपसलं. घातक कचरा म्हणजे रासायनिक कारखान्यांची पिंपं, अशी माझी समजूत होती. निघाल्या त्या मुदत संपलेल्या गोळ्या, रंगाचा अर्धा डबा, झुरळांच्या औषधाची बाटली, फुगलेले सेल, एक जळकी ट्यूब आणि आईचा पाऱ्याचा थर्मामीटर. २०१६च्या घनकचरा नियमांत याच वस्तूंना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं, हे नंतर वाचलं. लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरचे चंदेरी मणी आम्ही फरशीवर पळवायचो. तो पारा घरातल्या हवेतच वाफ होत असतो, तिचा श्वास मेंदूला आणि मूत्रपिंडांना बाधतो. पाण्यात गेला तर जिवाणू त्याचं आणखी विषारी संयुग करतात आणि ते माशांतून माणसाच्या पोटात येतं. ट्यूबबद्दल ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "फुटली की पांढरी पूड उडते, घशात बसते." त्या पुडीतही पारा असतो. त्यांना आजवर हे कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

सुयांसाठी कपडे धुण्याच्या द्रवाची जाड बाटली घेतली. अप्पांनी थरथरत्या हाताने तिच्यावर लाल अक्षरांत 'सुया' लिहिलं आणि भोवती मोठा गोल काढला. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करायचं. ती नेऊन द्यायची कुठे, हा खरा प्रश्न होता. दोन ठिकाणी नकार मिळाला. शेवटी चौकातली एक लॅब तयार झाली. त्यांच्या सुया पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यातून जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत जातात, त्यांच्याबरोबर आमच्याही जाऊ लागल्या.

सहाव्या महिन्यात लशीचा तिसरा डोस झाला, तेव्हा ताईंनी कार्ड दाखवलं. मग जिन्याकडे बोट केलं. "तिसऱ्या मजल्यावरचे पण इन्सुलिन घेतात. पाचव्यावर आजींची किमो चाललीय. त्यांना तुम्ही सांगाल का? आमचं कोण ऐकतं?"

वीस वर्षं या इमारतीत राहून मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी दोन रिकाम्या बाटल्या धुतल्या, लाल पेन घेतलं आणि आधी तिसऱ्या मजल्यावर गेले.