वांद्र्याच्या किनारी वाचेची शाळा

वांद्रे रेक्लमेशनला गेलात, तर समुद्राकडे वळण्यापूर्वी १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेपाशी क्षणभर थांबा. येथे वाचा व श्रवणदोषांवर उपचार होतात, आणि उपचार करणारेही घडतात.

पक्षाघाताने ज्यांचे शब्द हरवले, त्यांना चित्र दाखवून विद्यार्थिनीने थांबायचे असते. उत्तर तिला ठाऊक असते. तरी ते चटकन सांगून टाकायचे नाही, हा तिचा पहिला धडा.

तो तिला एकटीने गिरवावा लागत नाही. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचे. अभ्यासक्रमाची चौकट भारतीय पुनर्वसन परिषद ठरवते व पदवीनंतर नाव नोंदवून घेते. इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनात विद्यार्थी आपले निबंध ज्येष्ठांपुढे मांडतात.

म्हणून घरी उपचारतज्ज्ञ बोलावताना परिषदेची नोंदणी निःसंकोच विचारा. रुग्णालयात एखादी विद्यार्थिनी समोर आली, तर मात्र बिचकू नका; तिच्यामागे तिचे शिक्षक उभे असतात. आणि घरी परतल्यावर आपणही तिचा धडा गिरवा. आजोबा शब्द शोधत असतील, तर तो त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबा.