काळ्या अरण्यातली ऊबदार गाडी

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळे अरण्य, नावाचा डोंगरी मुलूख आहे. सूचिपर्णी झाडांची अशी दाटी की भर दुपारीही रस्त्यावर सावली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या फ्रायबुर्ग शहरी पुतणीकडे जाण्याचा योग आला. आमच्या जावईबापूंनी हौसेने १९७१ सालची फोक्सवॅगन घेतली आहे. गाडी कसली, फिरते घरच! बाक उलगडला की बिछाना, कोपऱ्यात शेगडी. तीतूनच आम्ही गुटाख गावाला निघालो. गवतावर दहिवर पडले होते.

या गाडीचे इंजिन मागे असते, आणि त्याला पाणी लागत नाही. पंख्याच्या वाऱ्यानेच ते थंड राहते. त्यातला थोडा वारा पत्र्याच्या दोन पेट्यांतून जातो. प्रत्येक पेटीच्या पोटातून इंजिनाच्या धुराची नळी गेलेली असते. वारा तिच्याभोवती तापतो आणि गाडीच्या तळाखालच्या लांब नळाने पुढे येऊन बसणाऱ्यांना ऊब देतो. नळीत धूर, बाहेर वारा, मध्ये केवळ पत्रा!

एल्त्साख गाव मागे पडले आणि सात वर्षांचा नातू कुरकुरला, “आजोबा, डोकं दुखतंय.”

“वळणांचा रस्ता आहे, काका. त्याला गाडी लागते. उतरला की बरा होतो,” पुतणी म्हणाली.

माझेही डोके जड झाले होते, आणि मला तर आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही. माझ्या नोकरीच्या आरंभी एका गावी गाळ काढताना विहिरीत इंजिन उतरवले होते. त्या धुराने दोघे सख्खे भाऊ गेले. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी. मी म्हटले, “जावईबापू, गाडी थांबवा. ऊब बंद करा, काचा उघडा.” त्यांना ते पटले नसावे, पण वडीलधाऱ्याचा शब्द म्हणून ऐकले. उरलेली वाट आम्ही कांबळी पांघरून, कुडकुडत काटली.

गुटाखला १६१२ साली बांधलेले शेतकऱ्याचे घर आहे. १९६४ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येते. छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेले. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली, वर माळ्यावर वैरण. डोंगराच्या अंगाने गाडी थेट माळ्यावर जाई, म्हणजे ओझी वर चढवण्याचे कष्टच नाहीत! गुरांची ऊब घराला आणि वैरणीचे पांघरूण दोघांना. स्वयंपाकघराला धुराडे नाही. चुलीचा धूर वर साठे, त्यातच मांस टिकवीत. तो धूर निदान डोळ्यांना झोंबतो तरी.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलून टेकू दिले. जाम नटांना तेल लावून रात्रभर ठेवले. पंपाच्या इंजिनाचे नट सोडवणाऱ्याला हे सांगायला नको. जोर केला की बोल्टच तुटतो. डावी पेटी निघाली तेव्हा तिच्या आत, जिथे नुसता वारा खेळायचा, तिथे काळीकुट्ट काजळी! नळीला करंगळी जाईल एवढे भोक. पन्नास वर्षांत लोखंड गंजणारच.

जावईबापू म्हणाले, “वेल्डिंग करून घेऊ का?”

मी नको म्हटले. पेटीच्या पोटात दुसरे भोक कुठे आहे ते दिसणार कसे? दोन्ही पेट्या नव्या मागवल्या. सांध्यांच्या गॅस्केटा बदलल्या. पंख्यापासून पेटीपर्यंतचा फाटका नळही बदलला. ऊब कमी का येते म्हणून जावईबापू दोन वर्षे डोके खाजवीत होते, त्याचे कारण तो नळ. बिछान्याजवळ या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र लावले. वायू वाढला की ते किंचाळते.

आठवड्याने पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. काचा बंद, ऊब चालू, यंत्र गप्प. एल्त्साखच्या पुढे नातू झोपला. पुतणीने दोनदा मागे वळून त्याला हलवून उठवले. तिसऱ्यांदा तो चिडून म्हणाला, “आई, झोपू दे ना!”